चुन्यातली पावलं

तिच्या दारात कुणी आजारी पिलाचा खोका घेऊन आलं की "या, बसा" वगैरे काही नाही. पहिलं वाक्य ठरलेलं. "तिथंच थांबा. पायातलं काढा." मग तो कोपऱ्यावरचा वाणी असो, शाळेचे मास्तर असोत, नाहीतर खुद्द नवऱ्याचे मामा. मामा तर एकदा रुसून परत गेले. ती म्हणाली, "मामा रुसले तर त्यांना मनवता येतं. पिलं रुसली की खेळ खलास."

सगळे तिला धाकटी म्हणतात. थोरली जाऊ नवऱ्याबरोबर लांबच्या शहरात गेली ती पुन्हा इकडे फिरकली नाही, तरी ही आपली धाकटीच. केस पिकले, गुडघे बोलायला लागले, नावात बदल नाही. पण तिला आणखी एक नाव आहे. पांढरपायी. आता लोक ते तोंडावर घेतात आणि ती खुशाल ओ देते, वर पाय पुढे करून दाखवते. टाचांच्या भेगांत चुना जाऊन बसलाय, तो आता तिच्याबरोबरच जाईल.

हे नाव पडलं तेव्हा मात्र तिच्या पायाला चुन्याचा कणही लागलेला नव्हता. आणि तेव्हा ते हसण्यावारी न्यायचं नाव नव्हतं, हे ऐकणाऱ्याने आधीच लक्षात ठेवलेलं बरं.

घर तेच, जे आजही आहे. पुढे दोन खोल्या, मग स्वयंपाकघर, त्याला लागून पिलांची खोली. त्या खोलीला दोन दारं: एक स्वयंपाकघरात उघडणारं, दुसरं मागच्या अंगणात. अंगणाच्या पार टोकाला मोठ्या कोंबड्यांची शेड. अंड्यातून निघालेली पिलं आणायची, खोलीत बल्बच्या उबेला वाढवायची, अंगावर खरी पिसं आली की विकायची, यावर ते घर चालायचं. तिच्या लग्नाच्या गडबडीत सगळं गणगोत "अय्या, किती गोड!" करत पिलांच्या खोलीत घुसून आलं. कुणी अंगणातून आलं, कुणी कोंबड्यांच्या शेडमधून. आठवडा झाला नाही तोच पिलं गळायला लागली. पंख लोंबकळायचे, डोळे मिटायचे, खाली रक्ताची हगवण. खोली रिकामी झाली.

सासूबाईंनी नव्या सुनेकडे पाहिलं, मग तिच्या पावलांकडे पाहिलं. "पायगुण," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी वाण्याच्या बायकोला तेच जरा लांबवून सांगितलं. पांढऱ्या पायाची आली हो आमच्याकडे.

एकटे सासरेच हसले. बाबा बोलायचे कमी. तिला पिलांच्या खोलीत नेऊन म्हणाले, "सूनबाई, डोळे मीट. पिल्लू आधी कानाने बघायचं, डोळ्याने नंतर." आणि तिला ऐकायला शिकवलं. पोट भरून उबेत बसलेली पिलं गळ्यातल्या गळ्यात 'चुर्रर्र' करतात. थंडी वाजली की चढ्या आवाजात पीप-पीप. तहान लागली की नुसता गलका. "आणि आजारी पडली की?" तिने विचारलं. बाबा म्हणाले, "तेव्हा काही ऐकू येत नाही. तेच ऐकायचं असतं."

रोज पहाटे पहिली फेरी बाबांची. काळे रबरी बूट गुडघ्यापर्यंत, तपकिरी स्वेटर, कानटोपी. डाव्या बुटाला करंगळीपाशी चीर गेली होती, पण नवे घेतील तर शपथ. आधी पिलं, मग कोंबड्या, हा त्यांचा नियम. "लहानांकडून मोठ्यांकडे जायचं, उलटं नाही," म्हणायचे. का, ते कधी सांगितलं नाही. जुन्या माणसांची ही एक खोड असते, करायचं ते शिकवतात आणि का ते बरोबर घेऊन जातात.

बाबा एका दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. सासूबाई रडताना मध्येच थांबल्या आणि पुन्हा सुनेच्या पावलांकडे बघितलं. त्यानंतर धाकटीला पिलांच्या खोलीत जाताना आपलीच पावलं जड वाटायला लागली. बूट अंगणाच्या दाराशी खिळ्याला टांगलेले राहिले. स्वेटर आणि कानटोपी त्यांच्यावर. त्यांना कुणी हात लावत नसे. येता-जाता वाटायचं, बाबा भिंतीकडे तोंड करून उभे आहेत.

मग नवी पिलं आली, आणि खोलीत पुन्हा तो आवाज आला, म्हणजे यायचा थांबला. धाकटी दाणे घेऊन आत गेली तर पिलांभोवती उभ्या केलेल्या पत्र्याच्या गोल कड्यात पिलं उभी होती. चोची चालत नव्हत्या. काहींनी मान खांद्यात ओढून घेतलेली, पिसं फुगलेली, आजारी म्हाताऱ्याने शाल पांघरावी तशी. तिने वाकून भुसा बघितला. विष्ठा पातळ, कॉफीच्या रंगाची, आणि एका ठिकाणी लाल धागा. 

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. मुलाला हाक मारून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऐक. ही खेप गेली तर हिला माहेरी पोचव. पिलं गेली, माझा माणूस गेला. आता या घरात जायला उरलंय कोण? तू."

नवरा म्हणजे मातृभक्त माणूस. बायकोवर माया होती, पण ती माया तोंडातून बाहेर येताना कायम अडखळायची. तो चपला घालून औषधवाल्या काकांना आणायला गेला.

काका कोपऱ्यावरच्या जनावरांच्या औषधाच्या दुकानाचे मालक. खोकत आले, चष्मा पुसला, एक मेलेलं पिल्लू कागदावर घेऊन कात्रीने उघडलं. आतड्याच्या टोकाच्या दोन पिशव्या फुगून गडद लाल झालेल्या.

"रक्ती हगवण," काका म्हणाले. "आतड्यात डोळ्याला न दिसणारा जंतू असतो. विष्ठेतून बाहेर पडतो, ओलसर भुशात पिकतो, दुसरं पिल्लू तिथं चोच मारतं की त्याच्या पोटात. मोठ्या कोंबडीला तो पचतो, पिलाला नाही. घाबरू नका, लवकर कळलंय. ही पूड पाण्यात घाला, दुसरं पाणी खोलीत ठेवू नका. ओला भुसा सगळा काढा. भांड्याखालचा तर आधी. आणि हो, ताकदीची पूड म्हणून जे काही देता ते यासोबत बंद. एक दुसऱ्याचं काम मारतं. बरी झाली की मग करा हवे तेवढे लाड."

"पण काका, हे येतं कुठून?" धाकटीने विचारलं.

"कुठून म्हणजे? पायाने येतं. कुणाच्या तरी पायाने आत येतं."

 मग सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "ऐका! मी काय म्हणत होते? मी अडाणी म्हणून माझं खोटं. आता हे शिकलेले सांगतायत, पायाने येतं!"

"अहो वहिनी, पायाने म्हणजे पायाला लागून..." काका सांगायला गेले, पण ऐकतो कोण. त्यांनी धाकटीकडे बघितलं, तिचा चेहरा बघितला आणि जरा ओशाळले. जाता जाता हळूच म्हणाले, "दोन्ही दारांच्या आत परातीत चुन्याची पूड भरून ठेव, पोरी. त्यात पाय देऊन यायचं. चुना सगळं मारत नाही हो, खोटं कशाला बोलू. पण थोडं कोरडं राहतं. आणि कोण आलं-गेलं ते दिसतं."

धाकटीने सगळं केलं. भुसा बाहेर नेऊन जाळला, जमीन खरवडली, नवा कोरडा भुसा घातला. औषधाचं पाणी. जी पिलं पीत नव्हती त्यांची चोच धरून थेंब थेंब सोडलं. अनवाणी पायांनी चुन्यातून आत यायची, कामं करायची आणि मनात म्हणायची, एवढी एक खेप वाचू दे. देवाला म्हणायची की पिलांना, तिलाच ठाऊक नव्हतं.

पिलं सावरली. रक्त थांबलं, माना वर आल्या. एका संध्याकाळी कड्यातून पुन्हा 'चुर्रर्र' आलं आणि धाकटी दाण्याच्या पोत्यावर बसून ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आत गेली आणि दारातच थबकली.

पिलं गप्प होती. आजारी नव्हती, गप्प होती. सगळीच्या सगळी कड्याच्या अलीकडच्या कडेला एकमेकांना चिकटून उभी, आणि सगळ्यांची तोंडं अंगणाच्या दाराकडे. त्या दारापासून कड्यापर्यंत पांढरे ठसे आले होते. मोठे ठसे. बुटांचे. कड्याला पूर्ण वळसा घालून, आत भुशावर उतरून, परत दाराकडे गेलेले. डाव्या ठशात करंगळीपाशी एक बारीक रेघ होती.

तिने अंगणाचं दार उघडलं. बूट खिळ्यावर टांगलेले होते. दोन्हींचे तळवे ओल्या चुन्याने पांढरे.

तिच्या तोंडून जे निघालं ते ऐकून नवरा धावत आला. त्याने ठसे बघितले, बूट बघितले. मग त्याने बुटाला हात लावला, लहान मूल बापाच्या पायाला बिलगतं तसा, आणि डोळे भरून आले त्याचे. "बाबा येऊन गेले," तो म्हणाला.

"येणारच," मागून सासूबाई म्हणाल्या. "घरात पांढरा पाय वावरतोय. त्यांना चैन कशी पडेल?"

धाकटीने ठसे पुसायला फडकं आणलं. नवऱ्याने ते हातातून काढून घेतलं. "राहू दे," म्हणाला. लग्नानंतर त्याने तिला घातलेली ती पहिली बंदी असेल.

मग ते रोजचं झालं. पहाटेच्या अंधुक उजेडात अंथरुणात पडल्या पडल्या तिला ऐकू यायचं. थप. फर्र. थप. फर्र. भिंतीपलीकडे कुणीतरी चालतंय. त्याच्या आधी क्षणभर पिलांचा आवाज बंद व्हायचा, दिवा मालवावा तसा. उठून बघायचं धाडस नव्हतं. नवरा शेजारी जागा असायचा, छताकडे बघत, चेहऱ्यावर शांत हसू. बाप मेल्यापासून त्याला इतकं निवांत वाटलं नव्हतं म्हणे. आणि तिला? तिच्या अंगावर काटा.

आणि पिलं पुन्हा आजारी पडायला लागली. आधी एक मान खाली, मग तिच्या शेजारची. औषध चालू होतं म्हणून जीव तग धरून होते, पण एकीकडून उपसावं आणि दुसरीकडून भरावं असं चाललेलं. काका येऊन डोकं खाजवून गेले. "औषध बरोबर आहे. भुसा कोरडा आहे. मग रोज नव्याने आणतंय कोण?"

धाकटीला तेव्हा एक भयंकर शंका आली. आपणच तर नाही? झोपेत उठून, बूट चढवून, आपणच? लोक म्हणतात ते खरं असेल तर? एखाद्याच्या पायातच काही असेल आणि त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल तर? तिने उठल्याबरोबर स्वतःचे पाय बघायला सुरुवात केली. बोटांच्या बेचक्यात चुना शोधायची. तिचे पाय स्वच्छ असायचे, तरी तिचा स्वतःवर विश्वास बसत नव्हता. अशी गत झाली होती पोरीची. आणि घरात विचारायचं तर कुणाला?

विचारलं तिने ठशांना. एका सकाळी नवरा बाहेर गेल्यावर उकिडवी बसली आणि नीट बघितलं. प्रत्येक ठशामागे टाचेची लांब फरफट होती. बाबा असे चालायचे नाहीत. बाबा पाय उचलून टाकायचे, त्यांच्या बुटांचा आवाज 'थप थप' असा, मध्ये 'फर्र' नाही. दुसरं म्हणजे ठसे अंगणाच्या दारातून आले होते आणि अंगणात ओल्या मातीवर त्यांची वाट थेट कोंबड्यांच्या शेडकडून होती. म्हणजे आधी कोंबड्या, मग पिलं. भुताचे पाय उलटे असतात म्हणतात. इथं पाय सुलटे होते, फेरी उलटी होती. बाबा मेले म्हणून काय नियम विसरतील?

आणि तिसरी गोष्ट बघून ती बसल्या जागी गार पडली. कड्याच्या आत भुशावर तिची स्वतःची अनवाणी पावलं उमटलेली असायची, आदल्या संध्याकाळची. त्यांतलं प्रत्येक पाऊल बुटाखाली दाबलेलं होतं. एकही सुटलेलं नाही. जे कुणी येत होतं ते पिलं बघायला येत नव्हतं. ते तिच्या पावलांवर पाय द्यायला येत होतं.

त्या दिवशी तिने ठरवलं. माहेरी जायचंच असेल तर निदान कुणामुळे जावं लागतंय ते बघून जायचं.

पहाट व्हायच्या जरा आधी ती स्वयंपाकघरातून आत गेली आणि दाण्याच्या पोत्यांमागे बसली. बल्बचा पिवळा उजेड कड्यावर, बाकी खोली काळी. पिलं चुरचुरत होती. तिने गुडघे पोटाशी घेतले आणि अंगणाच्या दारावर नजर ठेवली.

पिलं गप्प झाली.

थप. फर्र.

अंगणाचं दार उघडलं. आधी बूट आत आले. मग तपकिरी स्वेटर. मग कानटोपी, खाली झुकलेली, तोंड दिसत नव्हतं. परातीत एक पाय, दुसरा पाय, पांढरी धूळ उडाली. बाबांची उंची आठवायचा तिने प्रयत्न केला आणि तिला आठवेना. ते कड्यापाशी आलं. आत पाय टाकला. पिलं चारी बाजूंना फुटली. एका पावलावर पाय, मग दुसऱ्या पावलावर, दाबून, घोळवून, आणि प्रत्येक वेळी घशातल्या घशात पुटपुट:

"हिचा पुसते. तुमचा ठसवते. हिचा पुसते. तुमचा ठसवते."

 तेवढ्यात ते पुढच्या पावलासाठी वाकलं आणि 'कट्' असा गुडघा वाजला.

तो गुडघा साऱ्या घराच्या ओळखीचा होता. रोज सकाळी चुलीपुढून उठताना वाजायचा. भुतांचे गुडघे वाजत असतील नसतील देव जाणे, पण हा गुडघा सासूबाईंचा होता.

"आई," धाकटी म्हणाली.

सासूबाई दचकल्या, कड्याला धरून सावरल्या. पकडल्याची लाज वगैरे काही नाही, उलट चिडल्याच. "तू कशाला आलीस इथं? झालं, आणखी पावलं उमटवलीस! आता तेवढी पुन्हा पुसायची!"

"आई, हे काय चाललंय?"

"तुझ्यासाठीच चाललंय! तुला माहेरी पाठवायची मला हौस आहे का गं? माझी पोळी कोण लाटणार, तुझा नवरा? तुझा पाय वाईट, त्याला तू तरी काय करशील. म्हणून यांचा पाय त्याच्यावर ठेवते रोज. यांच्या पायात बरकत होती. तुझं पुसलं जावं, पिलं जगावीत, आणि तू राहावीस. एवढं करतेय मी, या वयात, या थंडीत!"

धाकटी बघतच राहिली. रागवावं की रडावं कळेना. मग ती पुढे झाली, सासूबाईंना पोत्यावर बसवलं आणि एक पाय उचलून बूट खेचून काढला. तळवा बल्बखाली धरला. वर चुना होता. चुन्याखाली, नक्षीच्या खाचांत, ओली विष्ठा ठासून भरलेली.

"आई, आत्ता आलात कुठून?"

"मागून. स्वयंपाकघरातून आले असते तर तुम्हाला जाग आली असती. कोंबड्यांमधून आले, त्यांनाही दाणे टाकून."

"काका काय म्हणाले? जंतू विष्ठेत असतो. मोठ्या कोंबड्यांना तो कधीच पचलाय, त्यांना काही होत नाही, पण सांडत तर असतो ना. आणि बाबा कुठून यायचे?"

सासूबाई काही तरी फटकळ बोलणार होत्या. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. "आधी पिलं," त्या सावकाश म्हणाल्या.

"मग कोंबड्या."

"लहानांकडून मोठ्यांकडे." त्यांनी बुटाचा तळवा आपल्याकडे वळवला, बोटाने खाच खरवडली, वास घेतला. कड्यात एक पिल्लू मान टाकून बसलं होतं, त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. दुसरा बूट त्यांनी स्वतःच ओढून काढला. डाव्या पायाच्या करंगळीला चिरेतून चुना लागून ती पांढरीफटक झाली होती.

"म्हणजे गं," त्या आपल्या करंगळीकडे बघत म्हणाल्या, "पांढऱ्या पायाची मी?"

हे वाक्य धाकटीने मनात किती वेळा घोळवलं होतं! कधीतरी या बाईने हे आपल्या तोंडाने म्हणावं आणि आपण कमरेवर हात ठेवून ऐकावं. आता ऐकलं आणि त्यात काही चवच नव्हती. समोर एक म्हातारी मेलेल्या नवऱ्याच्या स्वेटरमध्ये कुडकुडत बसली होती.

"बूट, आई," ती म्हणाली. "बूट. पाय नाही."

सासूबाईंनी नाक पुसलं. मग एकदम तिचं मनगट पकडलं. "त्याला सांगू नकोस. त्याला वाटतं बाप येतो."

त्याच दिवशी धाकटीने बूट उकळत्या पाण्याने घासले, खाचा काडीने कोरल्या, भिंतीवर उन्हात उलटे टांगले. वाण्याच्या बायकोने मेल्या माणसाचे बूट असे टांगलेले बघून रस्ताच बदलला. संध्याकाळी बूट पिलांच्या खोलीच्या आत, चुन्याच्या परातीजवळ ठेवले, आणि तिथून ते पुन्हा कधी बाहेर पडले नाहीत. दाराबाहेर चपला काढायच्या, पाय पुसायचे, आत येऊन हे बूट चढवायचे, चुन्यातून जायचं. कोंबड्यांच्या शेडला वेगळ्या चपला. भुसा पुन्हा बदलला, औषधाचं पाणी चालूच ठेवलं. त्या खेपेतली पिलं जगली. जे मान टाकून बसलं होतं ते सुद्धा, फक्त जन्मभर जरा किरटं राहिलं. ते विकलं नाही.

सासूबाईंनी माफी मागितली नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता. पण स्वयंपाकघराच्या बाजूने का होईना, पहाटेची फेरी त्यांनी चालू ठेवली, आणि नंतर कोणी काही विचारलं की ठसक्यात सांगायच्या, "पांढऱ्या पायाची आहे आमची सून. म्हणून तर पिलं जगतात आमच्याकडची." ठसे रोज उमटत. नवरा रोज सकाळी ते बघून म्हणायचा, "बाबा येऊन गेले." आणि धाकटी दाणे पाखडत उत्तर द्यायची, "हो. पाय पुसून आले."

सासूबाई गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे धाकटी उठली, तिने बूट चढवले आणि फेरी मारली. तिचे पायही बुटांना लहानच होते. थप, फर्र. नवरा म्हणाला, बाबा येऊन गेले. ती म्हणाली, हो.

वर्षं अशीच गेली. मग एकदा तिला ताप भरला, अंग तव्यासारखं. पहाटे डोळा उघडला, उठायचं म्हणून हात टेकला आणि हातच वाकला. आज फेरी चुकली, असं तिला वाटलं.

आणि भिंतीपलीकडून आवाज आला. थप. थप. थप.

फर्र नाही. पाय उचलून टाकलेला. तिने श्वास धरला आणि पिलं गप्प व्हायची वाट बघितली. पिलं गप्प झाली नाहीत. चुरचुरत राहिली, पोट भरल्यासारखी, उबेत बसल्यासारखी, जशी फक्त बाबांच्या वेळेला चुरचुरायची. तापाने की कशाने, तिच्या दातावर दात आपटायला लागले. शेजारी हात फिरवला. अंथरूण रिकामं होतं.

उजाडल्यावर ती भिंतीला धरत धरत गेली. ठसे होते. मोठे, भरलेले, एकाही टाचेला फरफट नाही. बूट परातीजवळ जागच्या जागी.

स्वयंपाकघरात नवरा चहा घेऊन बसला होता. तिलाही कप पुढे केला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "बाबा येऊन गेले."

धाकटी त्याच्यासमोर टेकली. त्याचे पाय मांडीखाली ओढून घेतलेले होते, पण डावा पाय पुरता लपला नव्हता. करंगळी पांढरीफटक. किती वर्षांपासून याला माहीत असेल, हा प्रश्न तिच्या ओठांवर आला, आणि आईच्या वेळेपासून की माझ्या वेळेपासून, हाही. तिने चहाचा घोट घेतला.

"पाय पुसून आले होते ना?" तिने विचारलं.

"पुसून आले," तो म्हणाला. "आधी पिलांकडेच गेले."